ख्रिस्ती धर्मातील इच्छास्वातंत्र्य आणि तित्थायतन सुत्ताची कसोटी

गेल्या वर्षावासात धुळे येथील एका विहारात अंगुत्तर निकायावर बोलण्याचा योग आला. अखेरच्या दिवशी प्रश्नोत्तरे सुरू झाली तेव्हा मागच्या ओळीतील एक उपासिका उठून उभ्या राहिल्या. पन्नाशी उलटलेल्या, पांढरे पातळ नेसलेल्या. त्यांचा सव्वीस वर्षांचा मुलगा जळगाव जिल्ह्यातील एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये कामाला होता. कापसाच्या ऐन हंगामात, रात्रपाळीला, गळ्यातील रुमाल यंत्राच्या पट्ट्यात अडकला आणि तो गेला. पट्ट्याला संरक्षक जाळी नव्हती.

त्या म्हणाल्या, "सर, माझ्या शेजारी एक ख्रिस्ती बाई राहतात. नवापूरकडच्या. नर्स होत्या. नऊ दिवस त्यांनी माझी चूल पेटवली. त्या म्हणाल्या, ही देवाची इच्छा. देवाचा प्रत्येकासाठी काही हेतू असतो. आणि आपले लोक भेटायला आले ते म्हणाले, मागच्या जन्माचं असेल काही. मला सांगा, दोघांत फरक काय? बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला तो यासाठी का?"

सभागृहात शांतता पसरली. मी त्या वेळी ईश्वरनिर्मितीवादाचे तथागतांनी केलेले खंडन सांगितले. ते चुकीचे नव्हते. परंतु प्रश्नाचा निम्माच भाग त्याने सुटत होता आणि तोही अर्धवट. ख्रिस्ती धर्म याविषयी खरोखर काय म्हणतो हे मी नीट सांगितले नाही, आणि आपल्याच लोकांनी काढलेल्या उद्गाराला तर मी स्पर्शही केला नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत लेख लिहीत आहे.

प्रथम ख्रिस्ती बाजू पाहू. ज्याचे खंडन करावयाचे त्याचे म्हणणे आधी यथार्थ मांडावे, ही निकायांतील संवादांची रीत आहे. मक्खलि गोसालाचे मत सामञ्ञफल सुत्तात किती सविस्तर नोंदविले आहे! आजीवकांचे स्वतःचे ग्रंथ नष्ट झाले. त्यांचे म्हणणे आज आपणास कळते ते मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या, म्हणजे बौद्धांच्या व जैनांच्या वाङ्मयातून.

ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे ईश्वराने मनुष्याला स्वतःच्या प्रतिरूपात घडविले आणि आज्ञा पाळण्याचे अथवा मोडण्याचे सामर्थ्य त्याला दिले. एदेन बागेच्या कथेचा अर्थच असा की, नाही म्हणण्याची मोकळीक नसती तर होय म्हणण्यालाही काही मोल उरले नसते. शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राची कथा हेच सांगते. बाप मुलाला जाऊ देतो, दोरी बांधून ठेवीत नाही. मुलगा परत येतो तोही स्वतःच्या पायांनी. धन्याने दासांच्या हाती सोपविलेल्या धनाच्या दृष्टांतात ज्याने भीतीपोटी ते जमिनीत पुरून ठेवले त्यालाच दोष लागतो. 'हेतुपूर्ण जीवन' या कल्पनेचे मूळ येथे आहे. ख्रिस्ती मनुष्याच्या दृष्टीने जीवनाचा हेतू मनुष्याने निर्माण केलेला नसतो. तो ईश्वराकडून येतो, त्याला ते 'पाचारण' म्हणतात. पण त्या पाचारणाला ओ देणे वा न देणे मनुष्याच्या हाती असते. इंग्लंडमध्ये १६४७ साली तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरावलीचा पहिलाच प्रश्न मनुष्याच्या मुख्य हेतूसंबंधी आहे, आणि ईश्वराचे गौरव करून त्याच्या ठायी आनंद पावणे अशा आशयाचे उत्तर तेथे दिले आहे.

हे इतके सरळ असते तर वादच उद्भवला नसता. परंतु ज्या धर्मात ईश्वर सर्वज्ञ आहे, सर्वशक्तिमान आहे आणि तारण त्याच्या कृपेनेच होते, तेथे मनुष्याच्या निवडीला जागा किती, हा प्रश्न सोळाशे वर्षे धुमसत राहिला आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस नावाच्या एका साधकाने असे प्रतिपादन केले की, ईश्वर आज्ञा देतो त्या अर्थी ती पाळण्याचे बळ मनुष्यात असलेच पाहिजे. त्याला विरोध केला तो उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने. ऑगस्टीनचे म्हणणे केवळ तर्कातून आलेले नव्हते. सन्मार्ग कोणता हे ठाऊक असूनही त्या मार्गाने पाऊल पडत नाही, जुनी सवय साखळीसारखी मनाला जखडून ठेवते, हा त्याचा स्वतःचा अनुभव होता. पालीच्या अभ्यासकाला येथे 'अनुसय' शब्दाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. चित्ताच्या तळाशी दडून बसलेल्या सुप्त प्रवृत्ती संकल्पाला कशा खाली ओढतात, हे आपल्या परंपरेनेही जाणले आहे. फरक उपायात आहे. साखळी तोडणारा हात बाहेरून, ईश्वराच्या कृपेने येतो, असे ऑगस्टीन म्हणतो. ४१८ साली कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलागियसचे मत निषिद्ध ठरविले.

अकराशे वर्षांनी हाच वाद पुन्हा पेटला. इरॅस्मस या हॉलंडच्या पंडिताने १५२४ मध्ये इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने ग्रंथ लिहिला आणि पुढच्याच वर्षी मार्टिन ल्यूथरने त्याला उत्तर दिले. ल्यूथरच्या मते मनुष्याची इच्छा ही ओझ्याच्या जनावरासारखी आहे. तिच्यावर ईश्वर स्वार होतो किंवा सैतान, आणि स्वार कोण असावा हे जनावर ठरवीत नाही. कॅल्व्हिनच्या पंथात हा विचार पूर्वनियोजनापर्यंत गेला. कोणाचे तारण व्हावयाचे हे ईश्वराने आधीच ठरविले आहे, असे तो पंथ मानतो. कॅथलिक पंथाने मात्र ट्रेंटच्या परिषदेत, १५४७ मध्ये, आदिपापाने मनुष्याची इच्छाशक्ती दुर्बल झाली असली तरी विझलेली नाही असा निर्णय दिला. प्रॉटेस्टंटांतही हॉलंडच्या आर्मिनियसने आणि पुढे इंग्लंडच्या जॉन वेस्ली याने, कृपा सर्वांना देऊ केलेली आहे व ती स्वीकारणे वा झिडकारणे मनुष्याकडे आहे, अशी भूमिका घेतली.

हा सगळा दूरदेशीचा पांडित्यवाद आपल्या वाचकांनी का वाचावा? कारण त्याचा एक धागा थेट मराठी मुलुखापर्यंत येतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील काही कॅल्व्हिनपंथीय असे मानीत की, परदेशातील लोकांचे तारण व्हावे असे ईश्वराच्या मनात असेल तर तो ते स्वतः करील; मनुष्याने खटाटोप करण्याचे कारण नाही. विल्यम केरी या एकेकाळी चांभारकाम करणाऱ्या धर्मोपदेशकाने १७९२ मध्ये एक पुस्तिका लिहून या निष्क्रियतेवर प्रहार केला. साधने वापरणे हे मनुष्याचे कर्तव्य आहे, असे त्याचे म्हणणे होते. हाच केरी पुढे बंगालमध्ये श्रीरामपूरला आला. १८०५ मध्ये त्याने मराठीचे व्याकरण छापले, १८१० मध्ये कोश केला आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत प्रसिद्ध केला. छापील मराठी गद्याच्या आरंभीच्या पाऊलखुणांत 'सर्व काही ईश्वरावर सोडून बसू नये' हा ख्रिस्ती धर्मातीलच एक कौल आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

खानदेशात ख्रिस्ती मिशने जरा उशिरा स्थिरावली. आजच्या धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या भागात (नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला) विसाव्या शतकाच्या प्रारंभी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने काम आरंभिले. १९४९ मध्ये या मिशनने 'द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन' असे नाव घेतले. नवापूर परिसरातील आदिवासींत त्यांचा वावर अधिक. चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय त्याच परंपरेतले. भुसावळ-जळगावकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे कार्य होते. या मिशनांच्या उपदेशाचा भर व्यक्तीच्या निर्णयावर असे. अमुक दिवशी मी प्रभूला स्वीकारले, असे तेथील ख्रिस्ती मनुष्य आजही तारीखवार सांगतो. केवळ जन्माने कोणी ख्रिस्ती होत नाही, निवडीने होतो, हे त्याच्या मनावर बिंबलेले असते. १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख ज्यांच्या घराघरांत उच्चारली जाते त्या आपल्या समाजाला ही भाषा परकी वाटू नये.

परंतु निवड केल्यानंतर काय? स्वेच्छेने धर्म स्वीकारलेल्या मनुष्याचे स्वातंत्र्य त्या धर्मात शिल्लक राहते काय? याचे उत्तर ग्रंथांपेक्षा माणसांच्या जीवनात शोधणे बरे, आणि महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंपेक्षा (१८५८–१९२२) ठळक उदाहरण मिळणार नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. त्या वेळी त्यांची बाजू घेणाऱ्यांत महात्मा जोतीराव फुले होते; १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांनी या प्रश्नाचा परामर्श घेतला आहे. तथापि अधिक बोधप्रद आहे तो रमाबाईंचा तिकडचा झगडा. ज्या मठवासिनींनी त्यांना आश्रय दिला त्यांची अपेक्षा अशी की, या नवख्रिस्ती स्त्रीने चर्चचे सिद्धांत निमूटपणे मान्य करावेत. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे. तो वाचताना या स्त्रीच्या निर्भयतेने मन थक्क होते. त्रैक्याचा सिद्धांत बुद्धीला पटल्यावाचून त्या स्वीकारीत नाहीत. क्रुसावर लॅटिनच अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे त्या विचारतात. ब्राह्मण पुरोहितांचे जोखड नुकतेच मानेवरून उतरविले आहे, आता दुसऱ्या कोणाचे चढवून घेणार नाही, हा त्या पत्रांतील सूर आहे. ईश्वराची आज्ञा मानीन, पण ईश्वराच्या नावाने मनुष्याने केलेली आज्ञा तपासून घेईन, हा भेद त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

याच रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुली व विधवा आणल्या आणि केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना शिक्षण व कामधंदा दिला. दुष्काळ ही ईश्वराची इच्छा म्हणून त्या हात जोडून बसल्या नाहीत. मात्र त्यांच्या आत्मकथनपर लेखनात दुसरीही बाजू आहे. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी त्यांना असे जाणवले की, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ख्रिस्त मात्र अद्याप गवसला नाही. आणि तो गवसणे ही केवळ प्रयत्नाची नव्हे तर कृपेची गोष्ट आहे. म्हणजे ऑगस्टीन आणि पेलागियस या दोघांचाही वाद त्या एकाच अंतःकरणात चालला होता असे म्हणता येईल. ख्रिस्ती विचारातील हा ताण सुटलेला नाही आणि बहुधा सुटावयाचाही नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचेही उदाहरण असेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा सर्वांना एकत्र आणणारा 'देवाचा दरबार' त्यांनी काढला. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई नवऱ्यामागे लगोलग ख्रिस्ती झाल्या नाहीत. जातिभेद मनुष्याने निर्माण केला आहे हे स्वतःशी पटवून, वेळ घेऊन, त्यांनी तो निर्णय केला. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना हे ठाऊक आहेच.

आता तथागतांच्या कसोटीकडे वळू. अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात तित्थायतन सुत्त आहे. मनुष्याला जे सुख, दुःख अथवा अदुःख-असुख अनुभवास येते त्यासंबंधी तीन मते प्रचलित असल्याचे तेथे भगवंत सांगतात. पहिले मत, हे सर्व पूर्वी केलेल्या कर्मामुळे आहे. दुसरे, हे सर्व ईश्वराने निर्माण केल्यामुळे आहे. तिसरे, याला हेतू नाही, प्रत्यय नाही. या तिन्ही मतवाद्यांना भगवंत एकच गोष्ट विचारतात. तुमचे म्हणणे खरे धरले तर मनुष्य हिंसा करील तीही पूर्वकर्मामुळे, ईश्वरामुळे किंवा अकारण. मग 'हे करावे, हे करू नये' असा छंद कोठून येणार, व्यायाम म्हणजे प्रयत्न कोठून येणार? कर्तव्य आणि अकर्तव्य यांचा निर्णयच जेथे उरत नाही, तेथे श्रमण म्हणवून घेण्याला अर्थ काय?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनी ईश्वरावरील विश्वास हा धम्म का नव्हे याचे जे विवेचन केले आहे, त्यात हाच युक्तिवाद आढळतो. ईश्वर सर्वांचा कर्ता असेल तर मनुष्याच्या ठायी काही करण्याची इच्छा अथवा प्रयत्न यांना स्थान राहत नाही, हा त्याचा गाभा आहे.

ही कसोटी ख्रिस्ती धर्माला लावली तर काय दिसते? पूर्वनियोजनाचा कठोर पक्ष तिच्यावर उतरत नाही, हे स्पष्ट आहे. ल्यूथरच्या जनावराला 'हे करू नकोस' असे सांगण्यात अर्थ नाही. सांगायचे तर स्वाराला सांगावे लागेल. परंतु ज्या पक्षाने मनुष्याच्या होकार-नकाराला खरी जागा ठेवली, त्याला 'सर्व काही ईश्वरनिर्मित' म्हणणाऱ्यांच्या रांगेत बसविणे न्यायाचे होणार नाही. रमाबाईंना आपण 'इस्सरनिम्मानवादी' म्हणून निकालात काढू शकत नाही. त्यांच्या ठायी छंदही होता आणि व्यायामही. त्यांच्याशी आपला मतभेद आहे तो वेगळ्या ठिकाणी. प्रयत्नाचा हेतू बाहेरून दिला जातो काय, आणि प्रयत्न अपुरा पडल्यास भरपाई करणारा कोणी आहे काय, या दोन प्रश्नांवर तो आहे.

माझ्या व्याख्यानात मी हा विवेक केला नाही, हे मला धुळ्याहून परतताना जाणवले. पण त्याहून मोठी चूक दुसरीच होती. तित्थायतन सुत्तात ईश्वराला दोष देण्याआधी भगवंतांनी दोष दिला आहे तो 'सर्व काही पूर्वकर्मामुळे' या मताला! पहिला क्रमांक त्याचाच आहे. त्या उपासिकेच्या ओट्यावर बसून ज्यांनी 'मागच्या जन्माचं असेल' म्हटले, ते तोंडाने त्रिशरण म्हणत होते आणि मत मात्र तीर्थिकांचे सांगत होते. तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे की, ते दोन उद्गार जसेच्या तसे घेतले तर त्यांच्यात काहीही फरक नाही. दोन्हींनी जाळी नसलेल्या पट्ट्यावरून दृष्टी हटते.

संयुत्त निकायातील मोळियसीवक सुत्तात हा मुद्दा आणखी स्पष्ट झाला आहे. सीवक परिव्राजक विचारतो, काही लोक म्हणतात की मनुष्य जे काही भोगतो ते पूर्वकर्मामुळेच. आपले मत काय? भगवंत वेदनांची आठ कारणे मोजून दाखवितात: पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुपालट, विषम वागणूक म्हणजे हयगय, बाहेरून होणारा आघात आणि आठवे कर्मविपाक. आठांपैकी एक! जो उरलेली सात कारणे नाकारतो तो स्वतःच्या अनुभवाच्या आणि लोकांना सत्य म्हणून ठाऊक असलेल्या गोष्टींच्याही पलीकडे धाव घेतो, असे भगवंत बजावतात. भुसावळच्या उन्हाळ्यात ज्याला ऊन लागले त्याला मागचा जन्म आठवण्याचे कारण नाही. त्याला सावली आणि पाणी हवे.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मज्झिम निकायातील चूळकम्मविभंग सुत्तात अल्पायुष्य, रोग, दारिद्र्य, हीन कुळ यांचा संबंध पूर्वीच्या कृत्यांशी जोडलेला आहे. पालीच्या विद्यार्थ्याने हे लपविण्यात अर्थ नाही. विरोधक ते दाखवून देतातच. दुसरीकडे त्याच निकायातील देवदह सुत्तात, सर्व दुःख पूर्वकर्मामुळेच असे मानणाऱ्या निगंठांना भगवंतांनी निरुत्तर केले आहे. बाबासाहेबांनी या विसंगतीचा विचार केला आणि बुद्धवचन ओळखण्याची कसोटी सांगितली. जे बुद्धिसंगत नाही, जे मनुष्याच्या कल्याणाशी संबद्ध नाही, ते तथागतांच्या तोंडी घालण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, हा तिचा आशय. ज्या सिद्धांताने अस्पृश्याला त्याच्या अस्पृश्यतेचे कारण त्याच्याच मागील जन्मात दाखविले, तो सिद्धांत ते स्वीकारणे शक्यच नव्हते.

मग बौद्ध विचारात इच्छास्वातंत्र्य आहे काय? 'आत्मा नाही तर स्वतंत्र कोण?' असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. अंगुत्तर निकायाच्या छक्क निपातात असाच एक ब्राह्मण भगवंतांकडे येतो. त्याचे म्हणणे, स्वतः करणारा कोणी नाही आणि दुसराही करणारा कोणी नाही. असे म्हणणारा आपण आजवर पाहिला नाही, असे म्हणून भगवंत त्याला प्रतिप्रश्न करतात. तू स्वतः चालत आलास, स्वतः परत जाशील, आणि करणारा नाही असे कसे म्हणतोस? आरंभ करण्याचा धातू आहे की नाही, पराक्रमाचा धातू आहे की नाही? येथे आत्म्याची स्थापना केलेली नाही. आरंभाची केली आहे. चेतना हेच कम्म, अशी भगवंतांनी व्याख्या केली आणि चेतना ही स्कंधांपैकी संस्कारस्कंधात मोडते. ती प्रत्ययांनी उत्पन्न होते, निराधार आकाशातून पडत नाही. परंतु प्रत्ययांनी उत्पन्न होते म्हणूनच प्रत्यय बदलून ती बदलता येते. मक्खलि म्हणत असे, फेकलेला सुताचा गुंडा जसा उलगडत जाऊन संपतो तसे मूर्ख आणि पंडित दोघेही संसारात फिरून आपोआप दुःखाचा अंत करतील. भगवंतांनी त्याच्या मताला केसांच्या कांबळ्याची उपमा दिली आहे, जे थंडीत थंड आणि उन्हाळ्यात गरम! खानदेशातील मनुष्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

तेव्हा ख्रिस्ती विचारात इच्छास्वातंत्र्य हे मनुष्याला आरंभीच मिळालेले देणे आहे, पुढे पापाने डागाळलेले. बौद्ध विचारात ते आरंभी थोडके असते आणि सम्यक् व्यायामाने वाढते. त्याची पूर्णता म्हणजे विमुत्ती. जीवनाच्या हेतूचेही तसेच. आपणासाठी कोणी योजना आखून ठेवलेली नाही. हे ऐकून काहींना पोरके वाटते, हे मी पाहिले आहे. पण ज्याला कोणी कामगिरी सोपविलेली नाही त्याला काम नसते असे नव्हे. धर्माचे प्रयोजन जगाची उत्पत्ती सांगणे हे असते, धम्माचे प्रयोजन जगाची पुनर्रचना करणे हे आहे, असा भेद बाबासाहेबांनी केला; आणि पुनर्रचना म्हटली की गवंडी माणूसच असावा लागतो. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ऐन तारुण्यात विधवा झाल्या. त्यांनी आपल्या कवितेतून ज्योतिषाला दारी येऊ नकोस म्हणून सांगितले. हस्तरेषांवर विसंबून न राहण्याचे हे बळ या मातीत आहे.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा विचार वरवर केला नव्हता. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूर येथे ख्रिस्ती बांधवांसमोर बोलताना, बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपले मन वेधले, असे त्यांनी सांगितले. त्याच सभेत, अन्यायाविरुद्ध लढा का उभारीत नाही, असे त्यांनी ख्रिस्ती समाजाला खडसावलेही. पुढे 'धर्मांतरिताची स्थिती' या विषयावरील त्यांच्या इंग्रजी निबंधात (तो शासनाने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात, १९८९ साली आला) या टीकेचे कारण दिले आहे. मनुष्याच्या अधोगतीचे कारण त्याचे आदिपाप, असे शिकविले म्हणजे दृष्टी परिस्थितीकडे वळत नाही; समाजशास्त्र मात्र अधोगतीचे कारण प्रतिकूल परिस्थितीत शोधते. अस्पृश्य ख्रिस्ती होतो, क्षमा मागतो आणि झोपी जातो, अशी त्यांची खंत होती. माझ्या मते ख्रिस्ती इच्छास्वातंत्र्यावरील ही सर्वांत भेदक टीका आहे. पाप टाळण्याचे स्वातंत्र्य दिले, अन्याय मोडण्याचे राहून गेले! मात्र हीच टीका आज आपल्या विहारांना लागू पडते काय, हे तपासण्याचे धैर्य आपण दाखविले पाहिजे. वंदना होते, खीरदान होते आणि जिनिंगमध्ये मेलेल्या पोराच्या आईला मागचा जन्म सांगितला जातो.

काही आठवड्यांनी मी त्या उपासिकेच्या घरी गेलो. शेजारच्या ख्रिस्ती बाईही आल्या. मी त्यांना संकोचाने विचारले, "ताई, देवाची इच्छा म्हणालात, ते कोणत्या अर्थाने?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तिला धीर यावा म्हणून बोलले, सर. पण पट्ट्याला जाळी नव्हती ही देवाची इच्छा नव्हे. ती माणसाची हयगय. देव माणसाला मोकळं सोडतो म्हणून माणूस असंही करू शकतो." ईश्वर जे इच्छितो आणि ईश्वर जे घडू देतो यांतील जो भेद धर्मपंडितांनी ग्रंथोग्रंथी मांडला, तो त्या निवृत्त परिचारिकेने दोन वाक्यांत सांगितला. 'विषम वागणूक' या मोळियसीवक सुत्तातील शब्दाला त्यांनी 'हयगय' हाच प्रतिशब्द वापरला, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्या हसल्या.

यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण असावे, असे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे २१ वे कलम सांगत असे. कामावर असताना मृत्यू आल्यास वारसांना भरपाई देण्याचा कायदा तर १९२३ चा होता, आणि त्याखालील अर्ज मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत करावा लागे. उपासिकेला यांतील काहीच कोणी सांगितलेले नव्हते. नऊ दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी एकालाही ते सुचले नव्हते, व्याख्याने देणाऱ्या मलाही नाही. मुदतीचे चार महिने उरले होते. विहारातील एका तरुण वकिलाने अर्ज लिहून दिला. कामगार न्यायालयातील पहिल्या तारखेला उपासिकेबरोबर त्यांची शेजारीण गेली. कागद वाचून दाखवायला कोणी तरी हवे, म्हणून. दुसरी तारीख कापसाच्या नव्या हंगामात लागली आहे. त्या जिनिंगमध्ये पट्ट्याला आता जाळी बसविली आहे, असे तेथील कामगार सांगतात.